मापात पाप नको

एक साधा प्रश्न विचारते. दोन मुलं कागदावरच्या गोल चकतीवर नेम धरतात. दोघांचेही छर्रे मध्यापासून अगदी सारख्याच अंतरावर लागतात, केसभरही फरक नाही. मग दोघांना सारखेच गुण मिळायला हवेत, हो ना?

तुम्ही "हो" म्हणालात, तर दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात झालेल्या भांडणात तुम्ही माझ्या पुतणीच्या बाजूचे. "आधी नियम काय ठरला होता ते सांगा" म्हणालात, तर माझ्या सासऱ्यांच्या बाजूचे. गंमत म्हणजे दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. म्हणून तर ते भांडण मला अजून आठवतं.

आधी आमची ओळख करून देते. माझं माहेर कोल्हापूर आणि सासर तंजावर. म्हणजे शहर नव्हे, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातलं एक खेडं. सोळाशे सत्तरच्या दशकात व्यंकोजीराजे तंजावरला आले आणि इथे भोसल्यांचं राज्य सुरू झालं. त्या काळात जी मराठी कुटुंबं इकडे येऊन राहिली, त्यांतलंच आपलं एक, असं सासरची मंडळी सांगतात. घरात मराठी, अंगणात तमिळ. सुरुवातीला सासूबाईंचं मराठी मला निम्मंच कळायचं. आता माहेरी गेले की माझंच मराठी भावाला निम्मं कळतं!

संक्रांत म्हणजे इथला पोंगल. शेतात सांबा भाताची कापणी चालू असते. चेन्नई, बंगळूर, पुणे, जिथे कुठे घरची माणसं असतील तिथून ती गावी येतात. दुपारची जेवणं झाली की मागच्या नारळीच्या बागेत आमची नेमबाजी सुरू होते.

टेकवून मारण्यात कसलं कौशल्य?

एक जुनं लाकडी टेबल, त्यावर वाळूने भरलेल्या दोन पिशव्या. पिशव्यांवर एअर रायफल टेकवायची, मागे स्टुलावर बसायचं आणि दहा मीटरवरच्या कागदावर नेम धरायचा. कागदामागे वाळूचा उंच ढीग असतो. शेजारी एक मोठं माणूस उभं असतं. सगळे छर्रे मारून होईपर्यंत टेबलापुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, हा नियम लहान-मोठ्या सगळ्यांना लागू.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी कोल्हापूरची! आमच्याकडे नेमबाज म्हणजे उभं राहून, गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून तासन् तास रायफल पेलणारी माणसं. बंदूक पिशवीवर ठेवून मारण्यात कसलं आलंय कौशल्य?

मग एकदा स्वतः बसले आणि कळलं. हात स्थिर असला, तरी श्वास हलवतो. चाप जरा जोरात ओढला की छर्रा सरकतो. वाऱ्याने झावळी हलली की मन हलतं. हाताचा कंप गेल्यावर जे उरतं, ते सगळं कागदावर उमटतं.

या प्रकाराला बेंचरेस्ट म्हणतात. बेंच म्हणजे बाक, रेस्ट म्हणजे टेकू. साधारण दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत हा खेळ आकाराला आला. तिथले शौकीन शंभर-दोनशे यार्डांवर पाच-पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकात घालतात. नेमबाजांची कामगिरी इतकी एकमेकांच्या जवळ आली, की खरी कसोटी मोजणाऱ्याची लागते. आमच्या बागेतही नेमकं तेच झालं.

एक भोक दुसऱ्यात मावलं

आमच्याकडे तेव्हा दोन रायफली होत्या. एक मोठ्या दिरांची जुनी, साडेपाच मिलिमीटरचा छर्रा घेणारी. दुसरी पुतणीसाठी घेतलेली नवी, साडेचार मिलिमीटरची. ज्याला जी आवडेल ती त्याने घ्यायची. कागदावर पाच चकत्या, प्रत्येकीवर एकच छर्रा, एकूण गुण पन्नास. सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे पंच तेच. सकाळीच त्यांनी नियम वाचून दाखवला होता: भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेला टेकली, तर वरचा गुण.

त्या वर्षी शेवटी दोघंच उरले. नणंदेचा मुलगा, वय सोळा. आणि माझी पुतणी, वय बारा. भाच्याने जुनी रायफल घेतली, पुतणीने स्वतःची. सासऱ्यांनी भिंग लावून मोजलं. भाचा ४७, पुतणी ४६. टाळ्या झाल्या, पाचशे एक रुपयांचं पाकीट भाच्याच्या हातात गेलं.

पुतणी काही बोलली नाही. तिने दोन्ही कागद घेतले, एकावर एक नीट जुळवले आणि उन्हात धरले. मग म्हणाली, "काकू, इकडे या."

तिसऱ्या चकतीवर तिचं भोक भाच्याच्या भोकाच्या आत होतं. अगदी मधोमध. भोवती सगळीकडून सारखीच बारीक कड. म्हणजे दोघांचा नेम एकाच जागी लागला होता. भाच्याचं भोक मोठं, म्हणून ते रेषेला टेकलं आणि त्याला नऊ मिळाले. तिचं भोक लहान, ते रेषेच्या अलीकडेच थांबलं आणि तिला आठ.

"आजोबा, नेम आमचा एकच आहे. त्याचं फक्त भोक मोठं आहे."

सासऱ्यांनी कागद पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "तुझं खरं आहे. पण नियम सकाळी सगळ्यांसमोर सांगितला होता. निकाल त्या नियमानेच लागणार."

पुतणीने रायफल पेटीत ठेवली. फेब्रुवारीत तिच्या शाळेत नेमबाजीच्या संघाची निवड होती आणि त्यासाठी ती चार महिने घाम गाळत होती. संध्याकाळी तिने आईला सांगितलं, "मला निवडीला जायचं नाही." का, तर "नेम सुधारता येतो. भोक कसं मोठं करू?"

घरात दोन तट पडले. कुणी म्हणालं, हरली म्हणून रुसली. कुणी म्हणालं, लहान आहे, तिलाच देऊन टाका बक्षीस. मला दोन्ही पटेना. ती हरल्याबद्दल रडत नव्हती. आणि तिला दया नको होती, हिशेब हवा होता.

अर्धा मिलिमीटर म्हणजे किती?

चला, तो हिशेब आपण करू. साडेपाचातून साडेचार वजा केले की एक मिलिमीटर. भोक गोल असल्यामुळे हा फरक मध्याच्या दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा वाटला जातो. म्हणजे मोठ्या छर्‍याची कड लहान छर्‍याच्या कडेपेक्षा अर्धा मिलिमीटर पुढे पोहोचते.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? पण आमचे कागद दहा मीटर एअर रायफलचे होते. त्यावर मधला दहाचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! आणि एका वर्तुळापासून दुसरं वर्तुळ असतं अडीच मिलिमीटरवर. अडीचातला अर्धा म्हणजे एक पंचमांश. थोडक्यात, सरासरीने दर पाच छर्‍यांमागे मोठ्या छर्‍याला एक गुण फुकट. आमची स्पर्धा किती छर्‍यांची होती? पाच. फरक कितीचा पडला? एकाचा.

मग मोठ्या स्पर्धांत काय करतात? ऑलिंपिकच्या दहा मीटर प्रकारात हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे सगळ्यांचा छर्रा साडेचार मिलिमीटरचाच असतो. पन्नास मीटर रायफलमध्येही सगळ्यांची गोळी एकाच मापाची. म्हणून तर २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्ण जिंकलं, किंवा २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेने ४५१.४ गुणांनी कांस्य आणलं, तेव्हा गोळीच्या जाडीची शंका घ्यायला कुणाला जागा नव्हती.

आता मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असतं. ते भोकाची कड नव्हे, तर छर्‍याचा मध्य कुठून गेला ते शोधतं आणि गुण दशांशात देतं. एका छर्‍याला जास्तीत जास्त १०.९. पॅरिसलाच मनू भाकर दहा मीटर पिस्तुलात रौप्याच्या झुंजीतून केवळ ०.१ गुणाने बाहेर पडली आणि तिला कांस्य मिळालं. इतक्या बारीक फरकावर कुणी आरडाओरडा केला नाही, कारण मोजपट्टी दोघींना एकच होती.

जिथे वेगवेगळ्या जाडीच्या गोळ्या चालतात, तिथे खरी पंचाईत. आंतरराष्ट्रीय नियमांनी त्यावर एक सुरेख तोडगा काढला. पंचवीस मीटरच्या सेंटर फायर पिस्तुलात ७.६२ पासून ९.६५ मिलिमीटरपर्यंतची गोळी चालते. पण कागदावरचं शंकेचं भोक तपासायला जी गोल खुंटी वापरतात, ती सगळ्यांसाठी ९.६५ चीच. म्हणजे बारीक गोळीवाल्यालाही जाड गोळीइतकाच फायदा. ३०० मीटर रायफलला हीच खुंटी ८ मिलिमीटरची.

बेंचरेस्टवाल्यांनी तर या प्रश्नाचा कीस पाडला आहे. त्यांच्या एका प्रकारात गुण नसतातच. पाच भोकांचा पुंजका किती घट्ट आहे, एवढंच मोजतात. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्यायचं आणि त्यातून एका गोळीची जाडी वजा करायची. उरतं ते मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. जाडी हिशेबातून बाहेर, नेम तेवढा आत.

दुसरा प्रकार गुणांचा, आमच्यासारखा. तिथे लोकांनी डोकं चालवलं. रेषेला टेकलं की वरचा गुण, मग जाड गोळीच का घेऊ नये? सहा मिलिमीटरवाले आपली बंदूक बदलून पावणेआठ मिलिमीटरच्या गोळीकडे वळले. ही काही लबाडी नव्हे. नियमात जे बसतं तेच ते करत होते. पण खेळ नेमाचा होता, तो थोडासा जाडीचा झाला. मग काही आयोजकांनी लक्ष्यपत्रंच वेगळी छापली. जाड गोळीसाठी वर्तुळं लहान, बारीक गोळीसाठी त्या प्रमाणात मोठी.

याच्या उलटा नियम केला तर? म्हणजे भोकाची बाहेरची कड जिथे पोहोचेल, तो खालचा गुण द्यायचा? ऐकायला कडक वाटतं. पण त्यात बारीक गोळीवाल्याचं फावतं. पाप तेच, फक्त दुसऱ्याच्या मापात.

राजराजाने दगडावर काय कोरलं?

दुसऱ्या दिवशी माट्टु पोंगल, गुरांचा सण. त्या दिवशी तंजावरच्या बृहदीश्वराच्या मोठ्या नंदीला भाज्यांनी, फळांनी, मिठाईने सजवतात. आम्ही सगळे बघायला गेलो. पुतणी गाडीत गप्पच.

या देवळात १८०३ चा प्रचंड मराठी शिलालेख आहे. सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला, भोसले घराण्याची हकिकत सांगणारा. मला वाटलं सासरे मुलांना तोच दाखवणार. पण त्यांनी सगळ्यांना नेलं देवळाच्या पायथ्याशी, राजराज चोळाच्या काळच्या तमिळ लेखांपाशी. देऊळ पुरं झालं १०१० मध्ये, म्हणजे हजार वर्षांहून जुने हे लेख.

"यात काय लिहिलंय माहीत आहे?" त्यांनी विचारलं. "देवाला कुणी काय दिलं त्याची यादी. पण नुसतं 'इतकं भात दिलं' असं लिहून भागत नाही. कुठल्या मापाने मोजलं तेही लिहिलंय. भात मोजलं आडवल्लान नावाच्या मरक्कालने. आणि हे मरक्काल राजकेसरी नावाच्या मापाबरोबर आहे, असंही नोंदलंय."

मरक्काल म्हणजे धान्य मोजायचं इथलं माप. आपली पायली असते ना, तसं. आडवल्लान हे नाचणाऱ्या शिवाचं नाव. सोनं तोलायच्या वजनालाही तेच नाव. रत्नांच्या दागिन्यांसाठी वेगळं वजन होतं, दक्षिणमेरुविटंकन नावाचं. आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते पुढचं. दागिना तोलताना दोरा, लाख, तांब्याचे खिळे यांतलं काय वजनात धरलं आणि काय वगळलं, याचीही नोंद आहे!

पुतणीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "म्हणजे छर्‍याची जाडी वजा करतात तसंच?"

"तसंच," सासरे म्हणाले. "देणारा राजा आणि घेणारा देव. त्यांच्यातसुद्धा माप आधी ठरवलं, त्याला नाव दिलं आणि सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलं. मग आपण कोण?"

नियम बदलला, निकाल नाही

त्या रात्री पिठलं-भाताच्या पंगतीला मोठी चर्चा झाली. दीर म्हणाले, सगळ्यांनी एकच रायफल वापरावी. सोपं आहे, पण मग पुतणीने चार महिने ज्या रायफलीवर हात बसवला ती पेटीतच राहणार. नणंद म्हणाली, दोन आकारांची लक्ष्यपत्रं छापू. पण इथे ती छापणार कोण, आणि ती रेषेबरहुकूम आली याची खात्री कोण देणार?

शेवटी तोडगा भाच्यानेच सुचवला. पारदर्शक प्लास्टिकवर एकाच मध्याची दोन वर्तुळं काढायची, एक साडेचारचं, एक साडेपाचचं. लहान छर्‍याचं भोक असेल तर आतलं वर्तुळ त्यावर नीट बसवायचं. मोठ्या छर्‍याचं असेल तर बाहेरचं. गुण मात्र दोघांनाही बाहेरच्या वर्तुळावरून द्यायचे. खर्च किती? तंजावरच्या झेरॉक्सच्या दुकानात वीस रुपये.

मग पुतणीने कळीचा प्रश्न विचारला. "आता कालचे गुण या मापाने पुन्हा मोजायचे?"

सगळे गप्प झाले. तसं मोजलं असतं, तर दोघं ४७ वर बरोबरीत आले असते.

सासरे म्हणाले, "नाही. भाच्याने काल सांगितलेल्या नियमावर विश्वास ठेवून रायफल निवडली. छर्रा सुटल्यावर नियम बदलणं हाही अन्यायच. बक्षीस त्याचं. पण चूक तू दाखवलीस. पुढच्या वर्षीपासून नियम तुझा." आणि त्यांनी वहीत तारखेसह तो लिहिला, खाली पुतणीची सही घेतली.

भाच्याने पाकिटातले निम्मे पैसे तिच्यापुढे धरले. तिने घेतले नाहीत. म्हणाली, "ते प्लास्टिक माझ्याकडे राहू दे."

ती निवडीला गेली का? गेली. पहिल्या वर्षी संघात जागा मिळाली नाही, दुसऱ्या वर्षी मिळाली. आणि पुढच्या पोंगलला आमची स्पर्धा नव्या मापाने कोण जिंकलं म्हणता? नणंद! ४८ गुण. तिने आयुष्यात दुसऱ्यांदा बंदूक हातात धरली होती.

तुमच्या घरातलं माप

तुमच्या घरी रायफल नसेल, पण स्पर्धा असतीलच. सोसायटीतली रांगोळी, शाळेतली धावण्याची शर्यत, गणपतीतली पाककला. तिथे निकालावरून कुरबूर झाली की आपण पटकन म्हणतो, "खेळ खिलाडूपणे घ्यावा." जरूर घ्यावा. पण त्याआधी पंचांना तीन गोष्टी विचारायला हरकत नाही. आपण जे बक्षीस देतोय, तेच मोजतोय का? माप सगळ्यांना सारखं लागतंय का? आणि ते स्पर्धेच्या आधी सांगितलं होतं का?

रांगोळीत रेखाटन बघायचं की रंगांचा खर्च? पाककलेत चव बघायची की काचेची महागडी भांडी? सहा वर्षांचं पोर आणि दहा वर्षांचं पोर एकाच रेषेवरून धावायला उभं केलं, तर आपण वेग मोजतोय की वाढदिवस?

मराठीत "मापात पाप" म्हणतात, ते बहुधा दुकानदाराला उद्देशून. पण अनेकदा कुणाच्याच मनात पाप नसतं. माप घाईत निवडलेलं असतं, इतकंच. ते एखाद्या लहान मुलाच्या आधी लक्षात येतं, कारण त्याचा तोटा त्यालाच होतो. अशा वेळी मूल "हे बरोबर नाही" म्हणालं, तर त्याची समजूत काढण्याआधी त्याने काय बघितलंय ते आपणही एकदा उजेडात धरून बघावं.

निकाल कदाचित तोच राहील. पण मुलाला कळेल, की या घरात तक्रार करता येते आणि ती तपासली जाते.